पप्पांचं घोटीला जाणं

त्या दुपारी मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. फोन सासूबाईंचा आला. त्या शाळेच्या वेळात कधी फोन करत नाहीत, त्यामुळे हातातला पेपर तसाच टाकून मी तो उचलला. कोणाची तरी झोपमोड होऊ नये अशा आवाजात त्या म्हणाल्या, "माया, तू ये गं घरी. मी चहा घेऊन गेले तर हे उठत नाहीयेत..." मी विचारलं, "मम्मी, हाक मारून बघितली का?" त्या म्हणाल्या, "मारली. आता परत मारायची भीती वाटते." रिक्षा करून मी घरी पोचले तोवर शेजारचे डॉक्टर येऊन गेले होते. पप्पा कुशीवर झोपले होते, एक हात उशाखाली घेऊन, रोज दुपारी झोपायचे तसेच. चहा स्टुलावर गार झाला होता आणि सासूबाई पायथ्याशी बसून त्यांचे पाय चोळत होत्या. माझा नवरा सुहास अजून कामावरून यायचा होता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि दुसरा पाय हातात घेतला. सुहास येईपर्यंत आम्ही दोघी तशाच पाय चोळत बसलो होतो.

पप्पा म्हणजे माझे सासरे, प्रभाकर आढाव. नाशिक रोडला नोटा छापायच्या प्रेसमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली आणि जवळजवळ तितकीच वर्षं ते आमच्या चर्चच्या कमिटीवर होते. चर्चचं नाव मी इथे मुद्दाम घेत नाही. जे घडलं ते कुठल्याही मंडळीत घडू शकलं असतं. मी मूळची बौद्ध घरातली, माहेरही नाशिक रोडचंच. सुहासचं आणि माझं जमलंय हे कळल्यावर पप्पा एका संध्याकाळी आमच्या घरी आले. दारातच हात जोडून त्यांनी माझ्या वडिलांना "जय भीम" केला. वडिलांना ते अपेक्षित नव्हतं. ते क्षणभर गडबडले आणि ख्रिस्ती लोक एकमेकांना म्हणतात तसं "सलाम, सलाम... या" असं म्हणाले. मग दोघंही हसले. लग्न खरं तर त्या दारातच ठरलं, असं माझी आई अजून सांगते. मी बाप्तिस्मा घेणार नाही हे मी आधीच सांगून टाकलं होतं. त्यावर पप्पांनी एवढंच विचारलं, "रविवारी आमच्याबरोबर चर्चला येशील का? नुसतं बसायला?" मी हो म्हटलं. आजही मी जाते ती तशीच, बसायला.

त्यामुळे तिथल्या पुष्कळ गोष्टी मी पाहुण्याच्या नजरेने बघत आले. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. भाकरीचा लहानसा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घ्यायला लोक ओळीने पुढे जातात, वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकतात. पहिल्यांदा माझ्या बाकावरचे सगळे उठून गेले, मी बसून राहिले, आणि सहज मागे पाहिलं तर अगदी शेवटच्या बाकावर पप्पाही बसलेले. मान खाली, हात गुडघ्यांवर. मला वाटलं, सून एकटी पडू नये म्हणून थांबले असतील. त्यांच्या या मायेचं मला फार कौतुक वाटलं. पण पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मी सासूबाईंना विचारलं. पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, "त्यांनाच विचार. माझं ऐकत असते तर गोष्ट वेगळी होती."

मग एका रविवारी उपासना सुटल्यावर, सासूबाई बायकांशी बोलत थांबल्या होत्या तेव्हा, चर्चच्या आवारातल्या कट्ट्यावर मी पप्पांना विचारलं. त्यांनी मला सुलभाताईंची गोष्ट सांगितली.

सुलभा त्यांच्या शेजारच्या घरातली मुलगी. लहानपणी वडील गेले, आईने शिवणकाम करून वाढवली. आवाज चांगला, म्हणून गायनमंडळात होती. संडे स्कूलला लहान मुलांना शिकवायची. सुहास तिच्याच वर्गात बायबलमधल्या गोष्टी शिकला. पुढे तिने घोटीच्या एका हिंदू मुलाशी लग्न केलं, त्याच्या घरच्यांच्या इच्छेप्रमाणे देवळात. कमिटीची बैठक बसली. पप्पा तेव्हा कमिटीतले सगळ्यात कडक. सुलभाचं नाव मंडळीच्या यादीतून काढायचं, तिला प्रभुभोजन द्यायचं नाही, गायनमंडळात घ्यायचं नाही, असा ठराव त्यांनीच मांडला आणि रविवारच्या उपासनेत, तिला उभं करून, वाचूनही दाखवला. तिची आई पुढच्या बाकावर बसली होती. त्यानंतर ती माऊली चर्चला यायची, पण कोणाशी फारशी बोलायची नाही. थोड्याच वर्षांत ती वारली. सुलभाताई घोटीहून धावत आल्या. कबरस्तानाच्या फाटकाशी पप्पांनी त्यांना थांबवलं. आधी मंडळीतले लोक माती देतील, मग तू, असं म्हणाले. मंडळी मोठी होती. सगळ्यांचं होऊन त्या आत पोचल्या तोवर खड्डा भरून वर फुलं ठेवून झाली होती.

"मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो," पप्पा म्हणाले. "मला वाटलं, मी नियम पाळला... व्यवस्थित जेवलो, माया."

ते पुढे म्हणाले, "तुमचं लग्न ठरलं तेव्हा मी स्वतःच कमिटीला सांगितलं, की माझा मुलगा नोंदणी लग्न करतोय, मुलगी बाप्तिस्मा घेणार नाही. म्हटलं, आता मला विचारतील. कोणी काही विचारलं नाही. चहा आला. एक जण म्हणाला, आढावसाहेबांच्या घरचं कार्य आहे, आपण आशीर्वादाची उपासना छान करू. सगळे हो म्हणाले. लगेच सजावटीचं बोलायला लागले." त्या रात्री ते जेवले नाहीत, हे मला सासूबाईंकडून नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कमिटी सोडली. आणि तेव्हापासून ते प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहू लागले. सुलभा परत येऊन कठड्याशी गुडघे टेकत नाही तोवर आपणही टेकायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं.

"पण तुम्ही तिला भेटलात का?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "धीर होत नाही. तू येशील का? तू मंडळीची नाहीस. तुझ्यासमोर तिला माझ्याशी मोकळं बोलायला सोपं जाईल."

सासूबाईंना हे पसंत नव्हतं. "तिचा संसार चांगला चाललाय, पोरं मोठी झालीत. आता कशाला खपली काढायची?" असं त्या आम्ही निघेपर्यंत म्हणत होत्या, आणि म्हणता म्हणताच त्यांनी पप्पांच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि गोळ्या ठेवल्या. आम्ही एसटीने गेलो. वाडीवऱ्ह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. पप्पा खिडकीशी बसून मनातल्या मनात काहीतरी जुळवत होते, ओठ हलत होते. घोटीच्या बाजारपेठेत सुलभाताईंच्या नवऱ्याचं तांदळाचं दुकान आहे, हे कोणीतरी सांगितलं होतं. विचारत विचारत पोचलो. गल्ल्यावर त्यांचे यजमान, रामदासभाऊ, होते. पप्पांनी नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा थोडा बदलला, पण त्यांनी खुर्च्या झटकून पुढे केल्या. "बसा. पानी घ्या. ती आतमधी हाय, बोलावतो," म्हणाले.

सुलभाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, केस पांढरे व्हायला लागलेले. पप्पांना बघून त्या दारातच थांबल्या. वाटेत जुळवलेलं सगळं पप्पा विसरले असावेत. ते उभे राहिले आणि म्हणाले, "सुलभा, मी तुझी माफी मागायला आलोय." त्या म्हणाल्या, "बरं काका. मागितलीत. बसा, चहा घ्या." चहा आला. गिऱ्हाईक आलं, रामदासभाऊंनी तांदूळ मोजून दिला, ते गेलं. मग पप्पा म्हणाले, "तू परत चर्चला ये. मी कमिटीशी बोलतो. तुझं नाव परत घ्यायला लावतो." तेव्हा सुलभाताईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. आवाज चढला नाही, उलट उतरला. "काका, मला काढलंत तेव्हा असं दुकानात येऊन, चहा पिऊन काढलं नव्हतं. सगळ्यांसमोर उभं केलं होतं. आई समोर होती माझी. आणि माफी मात्र इथे, पोत्यांच्या आड..." त्या आत गेल्या. रामदासभाऊ आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आले. बसमध्ये बसवताना पप्पांना म्हणाले, "बाबा, वाईट नका वाटून घेऊ. पन तिच्या आईचा दिवस आला का ती दोन दिवस जेवत नाय. मी लय वर्सं बघतोय."

येताना पप्पा एकच वाक्य बोलले. "बरोबर बोलली ती."

उपवासकाळ आला. ईस्टरच्या आधीचे ते आठवडे. चर्चमध्ये फुलं नसतात, पश्चात्तापाची गाणी असतात. एका रविवारी उपासनेच्या मध्ये, ज्याला इच्छा होईल त्याने उभं राहून प्रार्थना करायची वेळ आली. पप्पा मागच्या बाकावरून उठले आणि चालत पुढे गेले. लोकांनी सवयीने डोळे मिटले, कारण आढावसाहेबांची प्रार्थना म्हणजे लांब असणार हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते प्रार्थना करत नव्हते. ते मंडळीकडे तोंड करून म्हणाले, "डोळे उघडे ठेवा. मला तुमच्याशी बोलायचंय." मग त्यांनी सुलभाताईंचं पूर्ण नाव घेतलं. ठराव आपण मांडला, आपण वाचला, तिच्या आईसमोर वाचला, हे सांगितलं. मग कबरस्तानाच्या फाटकाचं सांगायला लागले. तेवढ्यात पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वयाने लहान आणि नुकतेच बदलून आलेले, घाईने उठले. "आमेन. बंधू प्रभाकर यांच्या भावना आपण समजतो. आपण एक गीत गाऊया," असं म्हणून त्यांनी पेटीवाल्याला खूण केली. पेटी सुरू झाली. लोक सुटल्यासारखे उभे राहून गाऊ लागले.

पप्पा जागचे हलले नाहीत. गाण्याची सगळी कडवी होईपर्यंत ते तिथेच उभे होते, न गाता. शेवटचं कडवं झालं, लोक बसले, आणि पप्पा म्हणाले, "पाळकसाहेब, माझं अजून संपलेलं नाही." ते पुन्हा मंडळीकडे वळले. "सुलभाने आईला माती दिली नाही, कारण मी देऊ दिली नाही. आणि माझ्या मुलाने तिच्यासारखंच मंडळीबाहेर लग्न केलं तेव्हा मला कोणी उभं केलं नाही. तुम्ही हार घेऊन आलात. म्हणून आज मी आपणहून उभा राहिलोय." मग ते मागे येऊन बसले. सुहास माझ्या शेजारी बसला होता. त्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

आवारात पाटोळेकाकांनी त्यांना गाठलं. मनोहर पाटोळे हे पप्पांचे प्रेसमधले सोबती, कमिटीवरही बरोबर, आमच्या घरी रोजचं येणं-जाणं. ते म्हणाले, "तुला तुझं काय करायचं ते कर, प्रभाकर. आम्हाला का उघडं पाडलंस?"

"मी तुझं नाव घेतलं नाही, मनोहर."

"नाव घ्यायची गरज होती का? कमिटीत कोण होतं ते पोरासोरांनाही माहितेय." एवढं बोलून ते निघून गेले. त्यानंतर त्यांनी आमच्या घरी येणं सोडलं. रस्त्यात दिसले तर सासूबाईंशी बोलायचे, पप्पांशी नाही. पप्पांना हे लागलं. पण त्यांनी तक्रार केली नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, "झालं समाधान?" पप्पा म्हणाले, "समाधानासाठी नव्हतं गं ते." सासूबाई ओट्याकडे वळल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मी ते पाहिलं, पप्पांनीही पाहिलं असावं.

त्या दिवसापासून त्यांची प्रार्थना बदलली. पूर्वी ते प्रार्थनेला उभे राहिले की शब्दांचा पूर यायचा, असं सुहास सांगतो; आम्ही पापी आहोत, आम्ही भटकलो आहोत, आम्हांला क्षमा कर, असं सुंदर, जुन्या वळणाचं मराठी. लोक मुद्दाम त्यांनाच प्रार्थना करायला सांगायचे. आता कोणी सांगितलं तर ते दोन-तीन वाक्यं बोलायचे आणि बसायचे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "'आम्ही' म्हटलं की लपायला जागा मिळते, माया. मी तिथे फार वर्षं लपलो. आता 'मी' म्हणायला लागलो तर फार बोलवतच नाही." सकाळी स्वयंपाक करताना त्यांच्या खोलीतून आवाज यायचा, तो बहुतेक नसल्यासारखाच. कधी नुसतं सुलभाताईंचं नाव. कधी तिच्या आईचं. मी बौद्ध घरात वाढलेली. चूक झाली तर ती त्या माणसाशी निस्तरायची, मध्ये देव कशाला, असं माझे वडील म्हणायचे. पप्पांना मी तेही एकदा बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "खरंय तुझ्या वडिलांचं. देव मध्ये नाहीये. तो मागून ढकलतोय, जा म्हणून."

पण घोटीला ते पुन्हा गेले नाहीत. चर्चमध्ये आपण बोललो हे सांगायला जाणं म्हणजे बदल्यात काहीतरी मागायला जाणं, असं त्यांना वाटायचं. सुलभाताईंना ते कळलं असणारच, त्यांची नात्यातली माणसं इथे आहेत. त्या आल्या नाहीत. पप्पा दर महिन्याला मागच्या बाकावर बसत राहिले. हळूहळू लोकांना त्याची सवय झाली. पुढे पुढे तर कौतुक व्हायला लागलं. बघा, आढावसाहेब अजून थांबलेत, असं नव्या माणसांना सांगितलं जायचं.

मग त्यांचं हृदय कमजोर झालं. जिना चढताना दम लागायचा, पायांना सूज यायची. डॉक्टरांनी मीठ तोडलं, फिरणं तोडलं. त्या दिवसांत एका सकाळी दार वाजलं, उघडलं तर सुलभाताई आणि रामदासभाऊ. रामदासभाऊंच्या खांद्यावर नव्या तांदळाची लहान गोणी. "आजारी माणसाला मऊ भात बरा पडतो," एवढंच ते म्हणाले आणि गोणी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. सासूबाईंनी सुलभाताईंचा हात धरला आणि सोडलाच नाही, तसंच धरून त्यांना पप्पांच्या खोलीत नेलं.

पप्पा उठून बसायला लागले. "पडून राहा काका," सुलभाताई म्हणाल्या, पण ते उठून बसलेच. त्या समोर स्टुलावर बसल्या. "तुम्ही चर्चमध्ये बोललात ते मला त्याच दिवशी कळलं. खोटं कशाला सांगू, रडले मी. बरं वाटलं. पण नंतर काका... जो भेटेल तो सांगतो, आढावकाका अजून प्रभुभोजन घेत नाहीत, तुझ्यासाठी थांबलेत. नातलग सांगतात, बाजारात कोणी भेटलं तरी तेच. म्हणजे परत मीच. आधी माझ्यामुळे मंडळीला कमीपणा आला, आता माझ्यामुळे तुमचा उपास. हे ओझं माझ्यावर टाकू नका. मी तिकडे परत येणार नाही. मला तिथे बसवणार नाही. इगतपुरीला एका प्रार्थनाघरात जाते मी, तिथे बरी आहे. तुम्ही माझी वाट बघू नका."

पप्पा म्हणाले, "म्हणजे तू मला क्षमा..."

"ते अजून पुरतं झालं नाही," सुलभाताई म्हणाल्या. "थोडं थोडं होतंय. होतं आणि परत जातं. ते माझं मी देवापाशी बघते. तुमचं तुम्ही बघा."

पप्पांनी हात जोडले. त्यांनीही जोडले. सासूबाईंनी जेवायला थांबायचा आग्रह केला, पण दुकान बंद ठेवून आले होते म्हणून ते दोघं निघाले. ते गेल्यावर मी खोलीत गेले. पप्पा भिंतीला टेकून बसले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. म्हणाले, "मी समजत होतो की तिच्यासाठी थांबलोय. तिने एका मिनिटात दाखवून दिलं. मागच्या बाकावर बसायचाही मोठेपणा असतो, माया. मला तो आवडायला लागला होता."

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी त्यांनी मला बरोबर चल म्हटलं. सुहासने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. मी कठड्यापर्यंत कधीच गेले नव्हते. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, किंचित मान डोलावली, आणि मी पप्पांच्या मागे उभी राहिले. गुडघे टेकायला त्यांना फार वेळ लागला. रांग थांबली, पण मागून कोणी पुढे सरकलं नाही. भाकरीचा तुकडा त्यांनी तळहातावर घेतला तेव्हा पाळकसाहेबांनी खालून आपला हात लावला. घरी आल्यावर वरणभात मागितला, आणि बिनमिठाचा म्हणून रोज कुरकुरणारे पप्पा त्या दिवशी मुकाट्याने, पोटभर जेवले.

त्यानंतर ते काही महिनेच होते. एकदा औषध देताना मी विचारलं, "पप्पा, आता हलकं वाटतं का?" त्यांनी विचार केला. "हलकं कसं वाटेल? तिची आई तर परत यायची नाही. ती माती आता कोणी देऊ शकत नाही... पण देवाशी बोलताना आता नजर चुकवावी लागत नाही." पप्पांच्या अंत्यविधीला रामदासभाऊ एकटेच आले. सगळ्यांबरोबर माती दिली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती येनार होती. साडी नेसून बसली होती. पन कबरस्तानात तिचं पाऊल पडत नाय, आईच्या वक्तापासनं. तुम्ही राग धरू नका." मी म्हटलं, "राग कसला, भाऊ. त्यांना सांगा, आम्हाला कळतं."

पप्पांची खोली आम्ही अजून आवरलेली नाही. सासूबाई हात लावू देत नाहीत. गेल्या आठवड्यात मी तिथे केर काढत असताना दारात पाटोळेकाका उभे दिसले. अंत्यविधीला ते आले होते, पण लांब उभे होते. इतक्या वर्षांनी त्यांनी आमच्या घरात पाय ठेवला होता. काठी भिंतीला टेकवून ते म्हणाले, "सुलभाचं ते दुकान... घोटीला नेमकं कुठे आहे?" मी पत्ता सांगायला लागले आणि थांबले. म्हटलं, "काका, असं एकदम जाऊ नका. मी आधी फोन करते." त्यांच्यासमोरच लावला. सुलभाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "त्या बैठकीतले अजून किती जण राहिलेत, माया?" मी म्हटलं, "हे एकटेच आहेत आता, ताई." मागून रामदासभाऊंचा "कोन हाय?" असा आवाज आला. त्या म्हणाल्या, "बरं. येऊ दे. पण म्हणावं, जेवायच्या वेळेला या. दारात उभ्या उभ्या बोलून जाऊ नका."

मी ते जसंच्या तसं पाटोळेकाकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, चष्मा काढून पुसला. मग खोलीत इकडेतिकडे बघत विचारलं, "प्रभाकर कुठे बसायचा प्रार्थनेला?" पलंगाच्या खिडकीकडच्या कडेला गादी खोल गेलेली आहे, रोज सकाळी एकाच जागी बसून बसून. मी ती दाखवली. "मी बसू का जरा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते कडेला हात टेकून सावकाश खाली वाकले आणि नेमके त्या खोलगट जागेत बसले. स्वयंपाकघरातून सासूबाई विचारत होत्या, कोण आलंय म्हणून. मी दार ओढून घेतलं आणि त्यांना सांगायला गेले.